लाल अस्तराचं शीड

पंधरा दिवसांपूर्वी सकाळी दुकानाचं शटर वर केलं, तर भिंतीवरची अस्तरं पश्चिमेकडे हलायला लागली. मी हातातली कात्री खाली ठेवली आणि स्टुलावर बसले. पहिलं गिऱ्हाईक आलं तोवर तशीच बसून होते.

ठाण्याच्या वर्तकनगरात एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर माझं दहा बाय आठचं दुकान आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको. एका भिंतीला खिळे ठोकून त्यांवर अस्तराचं कापड लोंबत ठेवलंय. राणी, पोपटी, मोरपंखी, चिंतामणी, काय हवं ते. वर्षभर ती अस्तरं पंख्याने हलतात, नाहीतर समोरून बस गेली की हलतात. पण दिवाळी सरून थंडी पडली की सकाळी पूर्वेकडून एक कोरडा, गार वारा आत शिरतो आणि दहापर्यंत सगळ्या अस्तरांना एकाच बाजूला झुकवून ठेवतो. मतलई वारा. भूगोलात एका मार्काला यायचा. खारे वारे दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, मतलई वारे रात्री जमिनीकडून समुद्राकडे. मी नेहमी उलटं लिहायचे आणि तो मार्क घालवायचे. शेजारचा झेरॉक्सवाला हात चोळत म्हणाला, “ताई, मस्त थंडी पडली ना यंदा?” मी हो म्हटलं.

मागच्या वर्षी हाच वारा आला तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते, एकटी होते आणि एका होडीची मालकीण होते. हे सांगितलं की लोक आधी हसतात. इथे माणसांना स्कूटर लावायला जागा मिळत नाही आणि ही बाई म्हणते माझी होडी आहे! नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. शेजारणी म्हणायच्या, कुंदाताई, भजनी मंडळात या, जीव रमेल. मी होडी घेतली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

झालं असं की खाडीकाठच्या बाळकुमला एका घरी लग्नाच्या ब्लाउजांची मापं घ्यायला गेलेले. घर कसलं, टॉवर. जमीन त्यांचीच होती, वर बिल्डरने इमारत बांधली आणि त्यातले चार फ्लॅट यांना दिले. मापं घेत होते तेव्हा घरातला मोठा मुलगा रुपेश फोनवर कुणाला तरी सांगत होता, “अरे, डॅडींची ती जुनी होडी पडलीये ना मागे, ती एंट्रन्सला ठेवू. आत माती भरू, झाडं लावू, लायटिंग मारू. एकदम भारी दिसेल.” कोपऱ्यात खुर्चीवर त्याचे डॅडी बसले होते. जोमादादा. वय पंच्याहत्तरच्या पुढे, अंगात बनियन, मांडीवर बंद पडलेला रेडिओ. तरुणपणी ते मिठागरात होते. खाडीतून शिडाच्या होडीने मीठ न्यायचे. रुपेशचं ऐकून ते नुसते खिडकीकडे बघत राहिले. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढल्या आणि मी म्हटलं, “मला द्या ती होडी.”

कुठून दुर्बुद्धी सुचली असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. मला नाही वाटलं. मला आतून माहीत होतं ती कुणासाठी हवी होती ते.

माझी अक्का. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमचं गाव कोकणात, खाडीकाठी. वडिलांची होडी होती. भावाला ते वल्हं हातात द्यायचे, आम्ही दोघी काठावर बसून मासे निवडायचो. बायकांनी होडीत बसायचं ते सासरी जाताना, असं वडील म्हणायचे. एका दुपारी घरातले सगळे झोपलेले असताना अक्काने मला उठवलं, होडी पाण्यात लोटली आणि शीड सोडलं. मी सहा, ती बारा. पलीकडच्या काठाला लागून आम्ही परत आलो, बास, एवढंच. वडील काठावर उभे होते. ओला दोर दुमडून त्यांनी तिच्या पाठीवर मारला, चार-पाच वेळा. ती रडली नाही. रात्री अंथरुणात माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “पण गेलो की नाही?”

पुढे आई गेल्यावर मला डोंबिवलीला तिनेच आणलं. मशीनवर पाय मारायला तिने शिकवलं, माझं लग्न तिने लावलं. मी शिवलेला पहिला ब्लाउज घालून ती महिनाभर फिरली. हात वर केला की काखेत उसवायचा, तरी. त्या अक्काला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. डोंबिवलीतच, मोठागावच्या त्यांच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तिची खुर्ची खिडकीशी लावून ठेवली. खाली मोठागावचं बंदर आणि खाडी दिसते, बाळकुमवरून येते तीच. मुलगा कामावर, सून मंजू घर आणि सासू दोन्ही सांभाळणारी. मी रविवारी बसने शीळफाट्यावरून जायचे. ट्रॅफिकमध्ये दोन तास, तिच्याजवळ दोन तास, परत दोन तास. ती बोलायची कमी. तिला बोलता येत नव्हतं अशातला भाग नाही, बोलावंसं वाटत नव्हतं.

होडी घेतल्याचं सांगितलं तेव्हा झटक्यानंतर पहिल्यांदा ती हसली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, पण हसली. म्हणाली, “मग होडीतनं ये. बसनं काय, कोण पण येतं.”

“येईन.”

“नुसतं येईन नको. शीड लावून ये. मी खिडकीत आहेच, कुठे जातेय.”

मग थोडा वेळ खाडीकडे बघून म्हणाली, “पांढरं शीड नको गो. दुपारचं पाणीच मला पांढरं दिसतं. लाल लाव, म्हणजे कळेल कुंदी आली.”

तर असं होतं ते. मला खाडी पार करून काय विक्रम करायचा होता का? मला एका खिडकीतून दिसायचं होतं.

शिकवायला जोमादादांशिवाय कोण होतं? आता खाडीत ज्या काही होड्या उरल्यात त्यांना इंजिनं आहेत. शीड ओढणारा शेवटचा माणूस बनियन घालून नवव्या मजल्यावर बसला होता. पहिल्यांदा ते नाहीच म्हणाले. “बाईमानसाला काय कराची होरी?” त्यांच्या बोलीत होडीची होरी होते, शिडाचं शीर. मी दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशी ते चप्पल घालून खाली आले. एकच अट. होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात, तिची पूजा होते. त्या नाळेवर बाईने पाय द्यायचा नाही. चढायचं ते बाजूने. मी म्हटलं, दादा, मी उडी मारून चढते, मग तर झालं? ते म्हणाले, “उरी नको मारू, होरी उलटल.”

शीड मी शिवलं. मांजरपाट आणला आणि मधोमध लाल अस्तराचे दोन हात रुंद पट्टे लावले. शिवणी डबल मारल्या, कडेला पायपिंग केलं, कोपऱ्यांना कॅनव्हास लावला. घरी फरशीवर पसरलं तेव्हा माझी छाती अभिमानाने फुगली. जोमादादांनी ते काठीला चढवलं, लांब जाऊन बघितलं आणि कपाळावर हात मारला. “टेलरीन, ह्यो त बिलाऊज शिवलंस तू! वाऱ्याला पोट कं हाय? वारा ह्येच्यात बसंल कं?” सगळं सपाट, मापात, कुठे एक सुरकुती नाही. शीड सैल लागतं, त्याला पोट लागतं, हे मला ठाऊकच नव्हतं. उसवून परत शिवलं. आणि वर अजून एक गाढवपणा. गिऱ्हाइकांना मी रोज कंठशोष करून सांगते की अस्तर भिजवून आणा, आटतं. स्वतः मात्र कोरंच लावलं. पहिल्यांदा ओलं झालं तेव्हा लाल पट्टे आक्रसले आणि मांजरपाटाला चुण्या पडल्या. शिवाय रंग सुटून पांढऱ्यावर गुलाबी ओघळ आले. मंजूला फोटो पाठवला. मंजूने लिहिलं, आई म्हणतायत चालेल, लाल आहे ना.

तो कार्तिक, तो मार्गशीर्ष. मी दुकान दुपारी बंद ठेवायला लागले आणि बाहेर बोर्ड लावला, ‘४ नंतर’. लग्नसराईत! गिऱ्हाइकं चिडली. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या चिडण्याला भीक घातली नाही. बाळकुमला जायचे, सलवार गुडघ्यापर्यंत खोचायचे आणि चिखलातून होडी लोटायचे. खाडी काही चित्रातली नाही. पाण्यावर फेस, तिवरांच्या मुळांत अडकलेल्या निर्माल्याच्या पिशव्या, कुठे गणपतीचा एक हात, कुठे चपलेचा एक पाय. वास असा की पहिले चार दिवस जेवण गेलं नाही. पण शीड भरलं की होडी ज्या तऱ्हेने एका अंगावर कलते आणि हातातलं सुकाणू जिवंत होतं, त्याला मी काय म्हणू? मशीनचा पट्टा बरोबर बसला की पायाला कळतं, तसं काहीसं. मला ओरडावंसं वाटायचं. एकदा ओरडलेसुद्धा. वरच्या टॉवरमधून कुणीतरी शिट्टी मारली.

शिडाची आडवी काठी डोक्याला तीनदा लागली. एकदा ओहोटीत चिखलात रुतले ती सहा तास. ना पाणी, ना जमीन. उतरावं तर मांडीपर्यंत आत जायचे. पाणी यायची वाट बघत बाईमाणूस एकटी होडीत बसलेली, चारी बाजूंनी खिडक्या, आणि लघवी लागलेली. शेवटी शीड अंगाभोवती गुंडाळून आडोसा केला. घरी येऊन अक्काला फोनवर सांगितलं तर ती इतकी हसली की ठसका लागला आणि मंजूने फोन काढून घेतला.

जोमादादांनी शिकवलेलं सगळं मला आजही तोंडपाठ आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. बाळकुमला त्यात एक तास जास्त धरायचा, डोंबिवलीला अजून एक. पाव, अर्धा, पाऊण हे माझं रोजचंच, त्यामुळे ते पटकन डोक्यात बसलं. वारा दिसत नाही, तो ऐकायचा. ओहोटी लागली की निघायचं. हे ते फार कडक सांगायचे. “ओटी लागली का कोनाची वाट बगाची नाय. सोताच्या बापाची पन नाय.” आणि दोर. होडी बांधताना दोन पुरुष दोर सैल सोडायचा. पुरुष म्हणजे माणसाची उंची, त्यांचं माप तेच. “पानी उठतं, त्येच्यासंगती होरी उठली पायजे. बांदून घातलास त ती उठल कशी?”

पौष सरला. अक्काला सांगून टाकलं, माघी पौर्णिमेला येते. दुपारी एक-सव्वाला भरती, वारा मागून, खाडीतून वर वर येत तुझ्या खिडकीखाली. मंजू म्हणाली, आईंनी त्या दिवसासाठी हिरवी साडी काढून ठेवायला लावलीय. मी म्हटलं, अगं बसूनच तर बघायचंय. मंजू म्हणाली, ते मी बोलले तर मला ओरडल्या.

आदल्या दिवशी संध्याकाळी होडी चिखलातून काढून विसर्जनाच्या घाटाला आणली, सकाळी पायऱ्यांवरून पटकन चढता यावं म्हणून. जोमादादांच्या नातवाची हळद होती, डीजे लागला होता. जाता जाता ते म्हणाले, “मी येतो अर्ध्या तासान, दोर मी बांदतो.” मी म्हटलं, “दादा, जा तुम्ही. मी बांधते.” चार महिने शिकले होते. एक दोर बांधता येऊ नये?

ओहोटी होती. पाणी खाली गेलेलं, अगदी खालच्या पायरीची लोखंडी कडी उघडी पडलेली. त्या कडीला मी दोर बांधला. दोन पुरुष सैल सोडायचा हे माहीत होतं. माहीत असून सोडला नाही. सैल दोर बघवेना. वाटलं, रात्री हिंदकळत दगडावर आपटेल, कुणी पोरंटोरं सोडून नेतील, उद्या सकाळी नसलीच तर? उद्या नसून चालणार नव्हतं. म्हणून ताणून बांधली. गाठीवर गाठ मारली आणि ओढून बघितली. हलली नाही. मग बरं वाटलं आणि मी घरी जाऊन केस धुतले. तीस वर्षं प्रत्येक ब्लाउजच्या शिवणीत मी दीड इंच कापड जास्त सोडत आले, उद्या अंग भरलं तर उसवता यावं म्हणून. हे मला त्या पायरीवर आठवू नये?

सकाळी पोचले तेव्हा घाटावर चार-पाच माणसं उभी होती. रात्रीच्या भरतीत पाणी दीड पुरुष चढलं. नाळ दोराने खाली धरलेली, मागची बाजू वर उठत गेली, पाणी नाळेवरून आत शिरलं. आता ओहोटीत ती पायऱ्यांवर तिरकी पडली होती. नाळेपाशीची फळी फाटलेली, आत गुडघाभर चिखल, लाल शीड त्यात कालवलेलं. एक जण म्हणाला, “बाईचा पाय लागला असणार नाळेला.” दुसरा म्हणाला, “बोललेलो ना मी.” जोमादादा आले. रात्रीच्या हळदीचा पिवळा डाग कपाळावर तसाच. ते वाकले, कडीवरची गाठ बघितली, बोटाने चाचपली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “सुटनार नाय ही. कापाला लागल.”

गावाचं खरं असतं तर किती बरं झालं असतं! बाईचा पाय लागला, देव कोपला, झालं. मला शिव्या घालायला सगळं गाव आणि मी बिचारी. पण तसं नव्हतं. जोमादादांनी विळ्याने दोर कापला आणि गाठ तशीच कडीत राहिली. ती माझी गाठ होती.

दुपारी सव्वाएकला मंजूचा फोन आला. मी घाटावरच बसले होते. उचलला नाही. दीडला परत आला. नाही उचलला. काय सांगू? तुझ्या बहिणीला दोर बांधता आला नाही म्हणून सांगू? बारा वर्षांच्या मुलीने मार खाऊन जे केलं ते छप्पन्न वर्षांच्या घोडीला जमलं नाही म्हणून? लाज वाटली, इतकी की अंगातून वाफा निघाल्या. संध्याकाळी मंजूला मेसेज टाकला, ‘बरं नाही, नंतर येते.’ होडीचं अक्षरही नाही. मनात हिशेब असा की अमावास्येला परत दुपारची भरती आहे. पंधरा दिवसांत होडी दुरुस्त करू, लाल शीड धुऊन घेऊ, खिडकीखाली जाऊ आणि मग वर जाऊन सगळी गंमत एकदमच सांगू. तेव्हा ती गंमत झाली असती.

होडी दुरुस्त करणारा सुतार इथे राहिलेलाच नाही. भिवंडीकडचा एक म्हातारा होता, तो होळीनंतर बघू म्हणाला. मी रोज एकेकाला फोन करत होते. अक्काला सोडून.

पाचव्या दिवशी तिला दुसरा झटका आला. वाचा गेली.

मी बसने गेले, शीळफाट्याला नेहमीसारखी अडकले, पोचले. ती पलंगावर होती. माझ्याकडे बघितलं. ओळख होती डोळ्यांत, शंभर टक्के होती. मग तिने मान फिरवली, भिंतीकडे. मला वाटलं दुखत असेल. वाटलं, आजारपणात माणूस असं करतं. मी तिचा हात धरून बसले आणि म्हटलं, “बरी हो अक्का. मग एक गंमत सांगते.” तेव्हाच का नाही सांगितली? पाच मिनिटांचं काम होतं. होडी बुडाली गं, मी निघालेच नाही. एवढी दोन वाक्यं. बायकांना धडाधड बोलणारी मी, माझी जीभ तिथे का लुळी पडली? अजून मी मशीनवर बसले की ती दोन वाक्यं म्हणते. हातशिलाई करताना म्हणते. आता काय उपयोग.

आठ दिवसांनी ती गेली. होळीच्या आधी.

बाराव्याला भांडी आवरताना मंजू माझ्याशी धड बोलत नव्हती. मी विचारलं, काय झालं? तिने हातातलं पातेलं ठेवलं आणि म्हणाली, “मावशी, त्या दिवशी तुम्ही वर का नाही आलात?”

“कुठल्या दिवशी?”

“पौर्णिमेला. आई सकाळपासून हिरवी साडी नेसून खिडकीत. एकच्या सुमाराला ओरडल्या, आली बघ, कुंदी आली! मी पण बघितलं, लाल दिसत होतं. बंदराच्या जवळपर्यंत आली होडी, थोडा वेळ थांबली आणि वळली. मी फोन लावले, तुम्ही उचलले नाहीत. आई दाराकडे बघत बसल्या, आता बेल वाजेल म्हणून. चार वाजता म्हणाल्या, बंदरापर्यंत आली आणि वर नाही आली गो. मग जेवल्याच नाहीत.”

कुणाची तरी बोट असेल. लाल ताडपत्री घातलेली. मला कळणार नाही कधी. मंजूला मी सगळं सांगितलं, दोर, कडी, फाटलेली फळी. ती रडली, मला बिलगली, म्हणाली, मावशी, मला माहीत नव्हतं हो. पण मंजूला कळून काय करायचं होतं? जिला कळायला हवं होतं ती मान फिरवून गेली. दवाखान्यात, घरी, तेरा दिवस तिच्या डोक्यात मी खिडकीखालून परत गेलेली बहीण होते. लोक म्हणतात, ती वरून बघतेय, तिला सगळं कळतं. म्हणोत. मला ते पटत नाही. ज्यांना पटतं त्यांचा मला हेवा वाटतो.

होडी होळीनंतर दुरुस्त झाली. का केली? माहीत नाही. जोमादादा म्हणाले, “फुटकी ठेवाची नाय, वाईट दिसतं.” पावसाळाभर ती ताडपत्रीखाली होती. नारळी पौर्णिमेला त्यांनी नाळेला हळदकुंकू लावलं आणि नारळ माझ्या हातात दिला. मी वाढवला. शीड दुकानाच्या माळ्यावर होतं. गुलाबी ओघळ गेले नाहीत, चिखलाचे डागही गेले नाहीत. मी ते कितीदा कापायला काढलं आणि परत घडी घातली. त्यातून आता ब्लाउजही निघणार नाही.

आणि मग हा वारा आला. अस्तरं हलली. मला वाटलं होतं या वर्षी नाही येणार तो, किंवा आला तरी मला नाही कळणार. कसलं काय. वाऱ्याला कोण मेलंय याच्याशी काय घेणंदेणं.

काल मार्गशीर्ष पौर्णिमा होती. सकाळी नऊला मी बाळकुमहून निघाले. जोमादादा काठावर होते, त्यांनी येतो म्हटलं नाही आणि मीही बोलावलं नाही. दहापर्यंत वारा अंगावर, वल्ही मारून खांदे उतरले. मग वारा पडला, खाडी सपाट झाली. अकरा वाजता पश्चिमेकडून झुळूक आली आणि शीड भरलं. पुलांखालून गेले. वरून गाड्या जात होत्या, कुणाला खाली बघायला सवड नव्हती. भरती मागून ढकलत होती. सगळं, सगळं बरोबर झालं. एकही चूक नाही. त्याचा मला इतका संताप आला की मी एकटीच होडीत बसून वडिलांना, सुताराला, स्वतःला, जे तोंडाला येईल ते बोलत होते. यात कठीण काय होतं? चार तासांचं तर काम!

मोठागावचं बंदर दिसलं तेव्हा एक वाजून गेला होता. पाणी पायऱ्यांवर भरलेलं, स्थिर. वर बिल्डिंग. मजले मोजले. सातव्याची खिडकी बंद होती, काचेवर ऊन चमकत होतं. आत खुर्ची आहे की काढली, ते खालून कसं दिसणार? घाटावर दोघं गळ टाकून बसले होते, त्यांच्यातला एक फोन काढून माझा व्हिडिओ घ्यायला लागला. मी पायरीजवळ होडी आणली. लोखंडी कडी होती तिथे, वरच्या पायरीला. दोर हातात घेतला. दोन पुरुष मोजून वेगळा धरला. पण बांधायला हात जाईना. किती वेळ तशीच धरून बसले, पायरीला एक हात लावून, कोण जाणे.

पाण्यावर झेंडूचा एक हार तरंगत होता. तो आधी वर सरकत होता, मग थांबला, मग हळूच मागे, माझ्या अंगावरून खाली जायला लागला. मी पायरीवरचा हात काढला. होडी वळवली.

बंदर थोडं मागे पडलं तोच फोन वाजला. मंजू होती. या वेळी मी उचलला.

“मावशी, तुम्हीच ना त्या? लाल शीड? अहो, मी गॅलरीतून कधीची हात करतेय!” तिला धाप लागली होती. “बंदरापर्यंत आलात, मग वर का नाही आलात?”

“ओहोटी लागली गं,” मी म्हटलं.